बराकीतला मुक्काम

८ जानेवारी

बराक सोडायची म्हणे. महिनाअखेरीच्या आत!

सकाळी अप्पाराव साहेबांचा फोन. आमच्या विभागाचे हे साहेब एरवी आधी तब्येत विचारतात आणि मग डोक्यात धोंडा घालतात. आज तब्येतसुद्धा विचारली नाही. "मॅडम, खुशखबर आहे," म्हणाले. वसतिगृहाची नवी इमारत तयार झालीय. जालना रोडला, करमाडच्या अलीकडं. चार मजली, लिफ्टसकट. सगळ्या पोरींना घेऊन तिकडं जायचं. आणि ही बराक एका हॉटेलवाल्याला भाड्यानं दिलीय. इथं जुन्या जमान्याच्या थाटाचं रेस्टॉरंट होणार.

मी विचारलं, बारावीच्या पोरींचं काय? फेब्रुवारीत पेपर लागतात, सेंटरं सगळी गावात. तिकडून पहाटे उठून कशा येणार? साहेब म्हणाले, बस आहे ना.

आहे की. साहेब त्या बसमध्ये कधी बसले नाहीत, एवढंच.

९ जानेवारी

राग उतरेना म्हणून आज सगळी बराक फिरले. इतकी वर्षं इथं राहून आज पहिल्यांदा अशी परक्यासारखी बघितली. लांबच लांब इमारत. या टोकाच्या पोरीला त्या टोकाच्या पोरीला काही सांगायचं असलं तर ती फोन लावते. भिंती एवढ्या जाड की खिडकीत बसून जेवता येतं. कमानींचा व्हरांडा, पुढं अंगण, अंगणापलीकडं संडास-बाथरूम.

निजामाच्या काळात इथं घोडदळाचे शिपाई राहायचे. पोलीस अॅक्शननंतर ते गेले. मग सरकारनं इथं ज्वारीची पोती रचली. मग बरीच वर्षं कुलूप आणि वटवाघळं. आणि मग आम्ही, म्हणजे मुली. सोयगावकडच्या डोंगरातनं मी आठवीत इथं आले तेव्हा पावसाळ्यात भिंतींना ज्वारीचा वास यायचा. अंथरुणात पडल्या पडल्या घरी गेल्यासारखं वाटायचं. नोकरी लागली तीही याच विभागात, आणि फिरून फिरून गृहपाल म्हणून इथंच आले. लग्न केलं नाही. का, हे विचारणारी माणसंही आता दमली.

शिपायांची, ज्वारीची, वटवाघळांची झाली ही बराक. आता पनीर टिक्क्याची होणार.

१२ जानेवारी

आज मोजमाप घ्यायला माणूस आला. सुदर्शन नाव. आर्किटेक्ट. जुन्या इमारती दुरुस्त करतो. पन्नाशीचा, केस पांढरे, पायात पोरांसारखे बूट. रविवार होता. रविवारी व्हरांड्यात काय असतं? या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर सगळ्या पोरींचे कपडे. सगळे म्हणजे सगळे! तो बिचारा मोजायची टेप धरून मान खाली घालून चालला आणि थेट कुणाच्या तरी ओल्या परकरात शिरला. पोरी आत तोंड दाबून हसत होत्या.

मी बाहेर गेले आणि ठणकावून सांगितलं की मुलींच्या वसतिगृहात न विचारता येत नसतात. त्यानं माफी मागितली. मग भिंतीवर मी रंगानं लिहिलेली सूचना होती ती वाचली – "व्हरांड्यात कपडे वाळत घालू नयेत. – गृहपाल." मग दोऱ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मग टेप उचलून पुढं मोजायला लागला. शहाणा आहे.

१५ जानेवारी

संक्रांतीचा तीळगूळ घेऊन आई आली. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, परवा घाटीच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन. आईचं नाव बानाबाई, पण पोरींनी बारसं नव्यानं केलं – मोठ्ठी आजी. आई आहे चिमणीएवढी.

तिनं आल्या आल्या बराक न्याहाळली. म्हणाली, हितं पाच-पन्नास मेंढरं निवांत बसतील. माझ्या वडिलांचं नाव कारभारी, त्यांच्याबरोबर तिनं उभा जन्म मेंढरांमागं काढला. दिवाळी झाली की निघायचं, पाऊस आला की परतायचं. तिला कुठलीही जागा दाखवा, ती मेंढरं किती मावतील तेच बघणार.

१७ जानेवारी

ऑपरेशन झालं. छान झालं. आई काळा चष्मा लावून व्हरांड्यातल्या खाटेवर बसलीय. बारावीची प्रेरणा म्हणाली, आजी हिरोईन दिसताय. आईनं पदर सारखा केला आणि चष्मा काढेनाच.

२१ जानेवारी

अप्पाराव साहेबांकडं जाऊन आले. प्रेरणालाही नेलं. लासूर स्टेशनची पोरगी. बाप शेती करतो, घरात पहिलीच बारावीपर्यंत आली. नर्सिंगला जायचंय तिला. ती नीट बोलली. सर, आम्हाला कुठंही ठेवा, पण पेपर होईपर्यंत हलवू नका. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. वाईट माणूस नाही. म्हणाले, करार झालाय, आता माझ्या हातात काही नाही. राजेंद्रशेठ स्वतः थांबायला तयार असतील तर मी आडवा येणार नाही.

म्हणजे हॉटेलवाल्याच्या पाया पडा. बरं.

येताना रिक्षात प्रेरणा पुस्तक काढून बसली. रिक्षावाला मात्र बडबडत होता. "मॅडम, वो बराक में होटल होरा बोलते. अच्छा है, हमको भी सवारी मिलती." त्याचंही बरोबर आहे.

२४ जानेवारी

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

सांगून-सवरून राजेंद्रशेठ आले. सोबत सुदर्शन सर आणि एक जाडजूड आचारी. मी रात्रभर मनात भाषण पाठ केलं होतं. मुलींचं शिक्षण, शासनाचं धोरण, सगळं. पण शेठ आले ते सरळ कमानीखाली उभे राहून तंदूर कुठं बसवायचा ते बोलायला लागले. आचारी म्हणाला, इथं. म्हणजे बरोबर आईच्या खाटेपाशी.

आई खाटेवरच होती. काळा चष्मा, पाय पोटाशी. तिनं विचारलं, "तूच का त्यो हाटेलवाला?"

शेठ हसले. हो म्हणाले.

"लेकरं किती?"

"एक मुलगी आहे आजी."

"काय करती?"

"बारावीला आहे."

आईनं व्हरांड्यात बोट केलं. पोरी पुस्तकं घेऊन येरझाऱ्या घालत होत्या, ओठ हलत होते, कुणाचं इकडं लक्षसुद्धा नव्हतं. "ह्या बी बारावीला हाईत," आई म्हणाली. "तुझीला आत्ता घरातनं काढलं तर कुठं जाऊन वाचंल ती?"

माझं भाषण घशातच राहिलं. शेठनी पोरींकडं बघितलं. मग हळूच म्हणाले की घरी दोन महिने टीव्ही बंद आहे, बायको मिक्सर लावत नाही, मी चपला हातात घेऊन आत जातो. हे सांगताना ते रागावले नव्हते, कंटाळलेले होते – आपल्याच घरात चोरासारखं वागून दमलेल्या बापासारखे. मी म्हटलं, शेठ, आमच्याकडं मिक्सरही नाही, घरही नाही. फक्त ही जागा आहे, आणि तीही आता तुमची.

ते अंगणात एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, "पाडव्यापर्यंत राहा. पण पाडव्याला मला इथं नारळ फोडायचाय, मॅडम."

मी हो म्हटलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

आचाऱ्यानं जाताना आईच्या पाया पडून घेतलं. का, कुणास ठाऊक.

२५ जानेवारी

पोरींनी स्वयंपाकीण भागूबाईंकडून शिरा करून घेतला. आईला दोन वाट्या. डॉक्टर म्हणाले होते गोड कमी! दिल्या की.

४ फेब्रुवारी

सुदर्शन सर पुन्हा. आता विचारून येतात, आणि रविवार सोडून. दारं-खिडक्यांची चित्रं काढत बसतात. मी चहा नेऊन दिला तर विचारलं, तुम्ही इथं शिकायला होतात तेव्हा कोणती खोली? मी दाखवली. त्यांनी नकाशावर लहानसं माझं नाव लिहिलं – शालूताई, आठवी ते बारावी. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, शिपायांची नावं मिळत नाहीत, पोत्यांना नावं नव्हती. एक तरी नाव असू दे.

विचित्र माणूस. चहात साखर तीन चमचे घेतो.

११ फेब्रुवारी

पेपर सुरू. सकाळी सगळ्या पोरी आईच्या पाया पडून गेल्या. आई प्रत्येकीला एकच सांगत होती – आधी पाणी पी.

२७ फेब्रुवारी

बारावीला बायोलॉजी. प्रेरणा आल्या आल्या जेवली आणि झोपली. म्हणजे चांगला गेला.

१९ मार्च

कालच शेवटचे पेपर संपले, म्हणून आज सगळ्यांना नवी इमारत दाखवायला घेऊन गेले. माझ्या मनात काय होतं ते खरं लिहिते. मला वाटत होतं, पोरी जातील, बघतील, नाकं मुरडतील. म्हणतील, मॅडम, आपली बराकच बरी. मग मी साहेबांना आणखी एकदा फोन लावीन. अजून थोडं लांबवता येईल. कदाचित कायमचंच.

पोरी लिफ्टमध्ये शिरल्या आणि खाली-वर, खाली-वर! मी खालीच उभी. मग वरून किंचाळल्यासारखे आवाज. मी धावत जिना चढले, म्हटलं कुणी पडलं की काय.

बाथरूम! प्रत्येक खोलीला आपलं बाथरूम. त्या नळ सोडत होत्या, बंद करत होत्या. एक तर शॉवरखाली कपड्यांसकट उभी राहिली. कुणीही "आपली बराक" म्हणालं नाही. एकीनंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये माझं तोंड उतरलेलं प्रेरणानं बघितलं. ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, पेपर होईपर्यंत तुम्ही आम्हाला हलू दिलं नाही, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. पण अंधारात अंगण ओलांडून बाथरूमला जायचं, पावसाळ्यात साप, सकाळची ती लाइन... तुम्हाला सवय झालीय. आम्हाला नाही करायची."

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

२० मार्च

आईवर चिडले. तिनं काहीच केलं नव्हतं. नुसतं विचारलं, कदी निघायचं?

मी म्हटलं, तुला काय, तुला सगळीकडं सारखंच. माझा इथं जन्म गेला. इथून मी शिकले, इथं कमावती झाले. उद्या इथं लोक काट्या-चमच्यानं जेवतील आणि त्यांना कळणारही नाही.

आई भाकरी खात होती. घास गिळून म्हणाली, "आपून निगालो का रान तिथंच ऱ्हातं. मागनं दुसऱ्याची मेंढरं येत्यात. आपल्या मेंढरांनी जे खत टाकलं त्याच्यावर तिसऱ्याचं पीक येतं. मी कुठं कुनाला सांगत बसली, हे रान माजं व्हतं म्हनून?"

थोड्या वेळानं परत म्हणाली, "तुला रडायचं आसंल तर रड. पर भाकरी खाऊन घे, गार व्हती."

भाकरी खाल्ली.

२२ मार्च

बांधाबांध. भागूबाई मोठं पातेलं सोडायला तयार नाहीत. मी म्हटलं, तिकडं गॅसची मोठी शेगडी आहे, हे तळातून काळं झालेलं पातेलं कशाला? म्हणाल्या, मॅडम, तुम्ही भिंती सोडताय, मी पातेलं सोडत नाही. चालू दे.

२९ मार्च

उद्या पाडवा. आज निघालो. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला मी, आई आणि पातेलं.

मी किल्ल्या द्यायला उभी होते, तर सुदर्शन सरांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, आत एकदा जाऊन येता? मी म्हटलं, नको. मग गेलेच. खोल्या रिकाम्या झाल्यावर केवढ्या मोठ्या दिसतात! आवाज केला तर परत येतो. मी माझ्या जुन्या खोलीत जाऊन उगाच हजेरी घेतली. तेव्हाच्या माझ्या बॅचची नावं, आठवतील तेवढी. आवाज घुमला. मग बाहेर आले. किल्ल्या दिल्या.

आई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली होती. काळा चष्मा लावून. डॉक्टरनं तो केव्हाच बंद करायला सांगितलाय.

२ एप्रिल

लिफ्ट बंद पडली. मला बरं वाटलं. हे चांगलं नाही, पण वाटलं.

१७ एप्रिल

आई सोयगावला परत. बसमध्ये बसवून दिली. तीनही महिने तिनं एकदाही म्हटलं नाही की जायचंय, आणि आज निघताना एकदाही मागं बघितलं नाही. पोरी स्टँडवर आल्या होत्या. त्याच रडत होत्या.

५ मे

बारावीचा निकाल. प्रेरणा पास, आणि दणक्यात! नर्सिंगला लागेल. सर्व जणी पास. राजेंद्रशेठचा फोन आला – त्यांचीही पास झाली. माझ्यासाठी पेढे पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, शेठ, आता घरात चपला घालून फिरा. हसले बराच वेळ.

८ जून

नव्या इमारतीची सवय होतेय. खोल्या स्वच्छ. पाणी चोवीस तास. पोरींचा रागरंग चांगला. माझं ऑफिस तळमजल्याला, खिडकीतून रस्ता दिसतो. फक्त भिंती पातळ आहेत. शेजारच्या खोलीत कोण कुणाशी फोनवर भांडतंय ते सगळं कळतं. गृहपालाला इतकं कळू नये.

१३ जुलै

सुदर्शन सरांनी बोलावलं म्हणून बराकीत गेले. नको वाटत होतं. गेले.

काम जोरात चाललंय. फरशा निघाल्यात, व्हरांड्यात बांबू. त्यांनी मला एका भिंतीपाशी नेलं. तिथं त्यांनी एकेक थर खरवडून पायऱ्यांसारखा उघडा ठेवलाय. सगळ्यात खाली जुना चुना, त्यावर काळ्या शाईत उर्दू आकडे – शिपायांच्या जागांचे असावेत म्हणाले. त्यावर पिवळा रंग आणि "धान्य कोठार, आत विडी ओढू नये". त्यावर आमचा हिरवा ऑइलपेंट. आणि हिरव्यावर, सगळ्यात वर –

"व्हरांड्यात कपडे वाळत घालू नयेत. – गृहपाल."

त्यावर काच बसवणार म्हणे! मी म्हटलं, पुसा ते, लोक हसतील. म्हणाले, हसू देत. इथं राहिलेल्या सगळ्यांनी काहीतरी हुकूम सोडले, एवढं तरी लोकांना कळेल. मी खूप हसले. मग रडलेही थोडं. त्यांनी रुमाल दिला. रुमालाला चुना लागलेला होता, तो सगळा माझ्या नाकाला.

जाताना विचारलं, चहा घेणार? मी म्हटलं, साखर कमी घातलीत तर.

३ ऑगस्ट

रविवार. चहा. दोन चमचे. सुधारणा आहे.

२४ सप्टेंबर

राजेंद्रशेठ स्वतः आमंत्रण द्यायला आले. दसऱ्याला उद्घाटन. पहिल्या पंगतीला गृहपाल मॅडम हव्यातच म्हणाले. फोटो दाखवले – कमानींत दिवे, टेबलांवर पांढरे कपडे, फुलं. खोटं का बोलू, सुंदर दिसतंय. पोरींना पण बोलावलंय, सगळ्यांना. त्या आत्तापासून साड्यांची देवाणघेवाण करतायत.

माझ्या मनात बघितलं. राग शोधला. नव्हता. आईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, काय काय खायला हाय तेवढं बघून ये.

२७ सप्टेंबर

पाऊस थांबेना. धरणातून पाणी सोडलंय म्हणे.

२८ सप्टेंबर

गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलंय. माणसं ट्रकांतून शहरात आणतायत. बायका, लेकरं, म्हातारी. आत्ता तहसीलमधून फोन आला. शेठनी बराकीच्या किल्ल्या स्वतः नेऊन दिल्या, ते आणि सुदर्शन सर मिळून टेबलं बाहेर काढतायत. तहसीलदार बाई विचारत होत्या, तिथं माणसं कशी ठेवायची ते तुम्हालाच ठाऊक, किती मावतील?

मी म्हटलं, येतील तेवढी. दारं उघडा, मी निघाले.